ताईंच्या आठ टर्म आणि संसदेची संकेतस्थळं: कुठे काय सापडतं, कुठे हात हलवत परत यावं लागतं

इंदुरात कुठल्याही मराठी संस्थेची स्मरणिका निघाली की सुमित्राताई महाजनांवर एक पान ठरलेलं असतं, आणि त्या पानावर ठरलेल्या चार ओळी: चिपळूणचं माहेर, इंदुरातून आठ वेळा खासदार, लोकसभेच्या अध्यक्ष, २०२१ चं पद्मभूषण. यात चूक काहीच नाही. पण १९८९ ते २०१९ ही तीस वर्षं ताईंनी सभागृहात नेमकं काय केलं, ते त्यातून कळत नाही. ते कळवणारी सेवा सरकारनं फुकट देऊ केली आहे. एक, संसद डॉट इन हे संसदेचं संकेतस्थळ; दोन, संसदेची डिजिटल लायब्ररी. इथे या दोन्हींना ताईंच्या कारकिर्दीवर घासून पाहिलं आहे. जोडीला पीआरएस (खासदारांच्या कामाची आकडेवारी देणारी संस्था), मायनेता (उमेदवारांची शपथपत्रं मांडणारं संकेतस्थळ) आणि निवडणूक आयोगाचे निकाल-अहवाल घेतले, कारण एकट्या संसदेच्या पानांवर भागत नाही.

गुण आधीच देऊन टाकतो. डिजिटल लायब्ररीला पाचपैकी चार, संसद डॉट इनच्या सदस्य-पानाला अडीच. पीआरएसला साध्या खासदारासाठी साडेतीन, मंत्री किंवा अध्यक्षासाठी जेमतेम एक.

सदस्य-पानापासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात आणि बहुतेक तिथेच थांबतात. लोकसभेच्या विभागात ‘सदस्य’ आणि त्यात ‘माजी सदस्य’ असं जायचं. नाव आडनावाच्या अक्षराखाली, इंग्रजीत. पान उघडलं की जन्मतारीख १२ एप्रिल १९४३, जन्मस्थान चिपळूण, शिक्षण एमए, एलएलबी, भूषवलेली पदं, समित्या, सामाजिक कार्य, आवडीनिवडी असं सगळं ओळीनं मिळतं. जुन्या लेखांत लोकसभा डॉट एनआयसी डॉट इनचे दुवे दिलेले असतात. ते आता चालत नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

या पानाबद्दल एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी: यातला मजकूर सदस्यानं स्वतः भरून दिलेल्या माहितीवर उभा असतो. म्हणजे हा बायोडेटा आहे, इतिहास नव्हे. मिळालेली पदं येतात, हुकलेली येत नाहीत. ताई १९८२ मध्ये इंदूर महापालिकेत पार्षद (नगरसेवक) झाल्या आणि १९८४ मध्ये उपमहापौर, हे पदांच्या यादीत सापडेल. पण १९८५ ची विधानसभा त्या लढल्या आणि हरल्या, हे तिथे शोधून उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यासाठी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर १९८५ चा मध्य प्रदेश विधानसभेचा सांख्यिकी अहवाल उतरवून घ्यावा. तेव्हाचं राज्य अविभाजित, ३२० जागांचं. त्यामुळे पीडीएफ जाडजूड आहे. थेट इंदूरच्या मतदारसंघांच्या पानावर जावं. ज्या बाईंना चार वर्षांनी माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठींना पाडायचं होतं, त्यांच्या कहाणीत आधीचा हा पराभव गाळणं म्हणजे अर्धी कहाणी गाळणं. स्मरणिकावाले तो हटकून गाळतात.

आता खरी ग्यानबाची मेख. डिजिटल लायब्ररीत नाव टाकून शोधलं की चर्चांची, प्रश्नांची मोठी यादी येते, आणि पहिल्यांदा पाहणारा खूश होतो. पण ती यादी वर्षांप्रमाणे लावून पाहा. १९९९ ते २००४ या काळात ती एकदम वेगळी दिसते, आणि २०१४ नंतर जवळजवळ आटते. ताई गप्प बसल्या होत्या म्हणून नव्हे. त्यांचं नाव बदललं होतं म्हणून.

१९९९ मध्ये त्या मनुष्यबळ विकास खात्याच्या राज्यमंत्री झाल्या, २००२ मध्ये दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञानाच्या, २००३ मध्ये पेट्रोलियमच्या. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो, आणि उत्तर खात्याच्या नावानं नोंदवलं जातं. खासदाराच्या नावानं शोधलं तर प्रश्न विचारणाऱ्याचं पान उघडतं, उत्तर देणाऱ्याचं नाही. म्हणून या पाच वर्षांसाठी खातं आणि तारखांचा पट्टा टाकून शोधायचं, मग प्रत्येक उत्तराच्या डोक्यावरची ओळ वाचायची: अमुक मंत्रालय में राज्य मंत्री, आणि कंसात नाव. एका खात्यात दोन-दोन राज्यमंत्री असायचे, तेव्हा कंस न वाचता उत्तर ताईंच्या खात्यावर जमा करू नये. ही चूक छापील लेखांतसुद्धा दिसते.

अध्यक्षपदाचं तर याहून अवघड. ६ जून २०१४ ला निवड झाली, आणि त्या दिवसापासून १६ वी लोकसभा संपेपर्यंत कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहातल्या बोलण्याच्या शब्दशः नोंदीत, ताईंचं प्रत्येक वाक्य ‘माननीय अध्यक्ष’ किंवा इंग्रजी भागात ‘ऑनरेबल स्पीकर’ या नावाखाली आहे. सुमित्रा महाजन असा शब्द शोधून पाच वर्षांच्या त्यांच्या बोलण्यातलं जवळपास काहीच हाती लागत नाही. हाती लागतं ते इतरांनी त्यांचं नाव घेऊन बोललेलं. शिवाय आसनावरून झालेलं सगळं बोलणं त्यांचंच, असंही धरता येत नाही. आसनावर उपाध्यक्ष किंवा सभापती तालिकेतला सदस्य असला तर तसं वेगळं लिहिलेलं असतं, आणि आसन बदललं की मध्येच वेळेसकट छोटी नोंद येते: अमुक वाजता अमुक पीठासीन हुए. ती नोंद चुकवली की पुढची दहा पानं भलत्याच्या नावावर जातात.

काम सोपं करायचं तर विषयानं नाही, तारखेनं शोधा. निवडीच्या दिवसाचं कार्यवृत्त उघडा. शुक्रवार, ६ जून २०१४, आणि शेजारी ज्येष्ठ १६, १९३६ (शक). हे शक राष्ट्रीय दिनदर्शिकेचे आहेत, आपल्या पंचांगातल्या तिथीशी जुळवू नका, नाही तर एखादा हौशी लेखक ‘ज्येष्ठ वद्य’ असं काहीतरी ठोकून देईल. त्या दिवशी सगळ्या पक्षांच्या नेत्यांची अभिनंदनाची भाषणं आणि शेवटी नव्या अध्यक्षांचं उत्तर सलग मिळतं. मानपत्रासाठी कुणाला अस्सल मजकूर हवा असेल तर तो इथे आहे.

दुसरा दिवस ३ ऑगस्ट २०१५ चा घ्या. काँग्रेसच्या २५ सदस्यांना नियम ३७४-अ खाली पाच बैठकांसाठी निलंबित केलं तो. या नियमात प्रस्ताव आणि मतदान लागत नाही. अध्यक्षांनी नाव घेतलं की निलंबन आपोआप लागू. म्हणूनच तो निर्णय थेट ताईंच्या नावावर जातो, बरा म्हणा वा वाईट. सदस्य-पानावर याची एक ओळही नाही, पण कार्यवृत्तात नावांची अख्खी यादी आहे. त्या पानांवर आणखी एक गोष्ट दिसेल: दर दोन ओळींनी ‘(व्यवधान)’, आणि अधूनमधून टिंबं व फुली. फुलीची तळटीप खाली असते, ‘कार्यवाही-वृत्तांत में सम्मिलित नहीं किया गया’. म्हणजे ते शब्द वृत्तांतात घेतलेले नाहीत. ते नेमके काय होते याचा वर्तमानपत्रात छापलेला अंदाज आपल्या लेखात अवतरणचिन्हात घालू नका.

तिसरा, २० जुलै २०१८. मोदी सरकारवरचा अविश्वास ठराव. बारा तासांच्या आसपास चाललेली चर्चा, शेवटी १२६ विरुद्ध ३२५ मतांनी ठराव फेटाळला. अध्यक्षाला पहिल्या फेरीत मत नसतं. समसमान मतं पडली तरच निर्णायक मत, असं राज्यघटनेच्या कलम १०० मध्ये आहे. तेव्हा या मतदानाच्या यादीत इंदूरच्या खासदाराचं, म्हणजे ताईंचं, मत शोधणाऱ्यांनी शोधू नये.

हा सगळा खटाटोप टाळून लोक पीआरएसच्या खासदार-पानावर जातात. तिथे हजेरी, चर्चा, प्रश्न, खासगी विधेयकं, आणि राज्याची व देशाची सरासरी अशी सगळी झटपट आकडेवारी असते; पंधराव्या लोकसभेपासूनची. काम स्वच्छ आहे, पानं पटकन उघडतात. पण मंत्री आणि अध्यक्ष यांच्यापुढे रकाने रिकामे. कारण साधं आहे: हजेरीपत्रकावर सही ही सदस्याच्या दैनिक भत्त्याशी जोडलेली आहे. अध्यक्षांचं वेतन १९५३ च्या वेगळ्या कायद्यानं मिळतं, मंत्र्यांचंही वेगळ्या कायद्यानं, म्हणून ते सही करत नाहीत. मंत्री सरकारतर्फे बोलतात, म्हणून त्यांची चर्चाही मोजत नाहीत. पीआरएस हे स्पष्ट लिहिते. तरी निवडणुकीच्या तोंडावर ‘पाच वर्षांत एक प्रश्न नाही’ असले फॉरवर्ड फिरतातच. इंदुरातल्या लोकमान्यनगरपासून सुदामानगरपर्यंत सगळ्या ग्रुपांवर ते फिरतात आणि पाठवणाऱ्यानं तळटीप वाचलेली नसते.

साध्या खासदाराच्या प्रश्नांचा आकडाही जपूनच वापरावा. लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात. सारखेच प्रश्न आले की एकत्र करून सगळ्यांची नावं एकाच प्रश्नावर टाकतात, आणि तो प्रत्येकाच्या खात्यात एक म्हणून मोजला जातो. शिवाय तारांकितपैकी तासाभरात तोंडी उत्तराला येतात ते मोजकेच. बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर. ‘संसदेत विचारलं’ असं लिहिण्यापूर्वी प्रश्न तोंडी आला होता का, पूरक प्रश्न कुणी विचारला, हे कार्यवृत्तात पाहावं. नियम ३७७ खाली सदस्य लोकहिताचे मुद्दे मांडतात, त्या निवेदनांची वेगळीच गंमत: मर्यादा २५० शब्दांची, बरीचशी न वाचता पटलावर ठेवलेली मानली जातात, आणि उत्तर खात्याकडून सदस्याला पत्रानं जातं. मागणी कार्यवृत्तात दिसते, उत्तर दिसत नाही. मग लिहिणारा ‘सरकारनं दखल घेतली नाही’ असं ठोकून मोकळा होतो.

ताईंचं सर्वात वजनदार काम मात्र ना प्रश्नांत आहे, ना भाषणांत. ते समितीत आहे. पंधराव्या लोकसभेत त्या ग्रामीण विकास स्थायी समितीच्या सभापती होत्या. २०११ चं भूसंपादन विधेयक त्याच समितीकडे गेलं आणि मे २०१२ मध्ये ३१ वा अहवाल आला. खासगी कंपन्यांसाठी सरकारनं जमीन संपादित करू नये, अशी त्या समितीची शिफारस होती. पुढे २०१३ चा जो कायदा झाला त्यात ती तशीच्या तशी आली नाही, संमतीची अट आली: खासगी कंपनीसाठी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारी प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची. एका विरोधी पक्षाच्या खासदारानं सत्तेत नसताना कायद्याच्या मसुद्यावर काय छाप टाकली, हे पाहायचं तर हा अहवाल आणि अंतिम कायदा शेजारी-शेजारी उघडून कलमवार वाचावा. दोन संध्याकाळचं काम आहे. भूसंपादनात ज्याची शेती गेली असेल त्यानं तर जरूर वाचावं.

समिती-अहवाल शोधायची रीत: डिजिटल लायब्ररीत समिती-अहवालांचा विभाग, समितीचं नाव, मग लोकसभा क्रमांक. सभापतीच्या नावानं शोधू नये, नाव पानाच्या आत असतं आणि शोधयंत्र तिथवर पोहोचेलच असं नाही. अहवालाच्या शेवटी बैठकांची टिपणं जोडलेली असतात. कोण हजर, कुणाची साक्ष झाली, भिन्नमत कुणी नोंदवलं. रस तिथेच आहे. फक्त प्रस्तावना वाचून पीडीएफ मिटवणाऱ्यांना शिफारशी कशा घडल्या ते कधीच कळत नाही.

आता थोडं तांत्रिक, कारण अडतं ते इथेच. कार्यवृत्ताच्या आवृत्त्या वेगवेगळ्या. मूळ आवृत्तीत जो ज्या भाषेत बोलला त्या भाषेत, म्हणजे हिंदी आणि इंग्रजी. मराठीत वा तमिळमध्ये झालेलं भाषण भाषांतर करून, तळटिपेसह. ताई बहुतांशी हिंदीत बोलत, तेव्हा त्यांचे स्वतःचे शब्द हवेत तर मूळ आवृत्तीच घ्यावी. इंग्रजी आवृत्तीतलं भाषांतर परत मराठीत आणलं तर दोनदा गाळलेला चहा हाती येतो. जुनी पानं स्कॅन केलेली आहेत, त्यांत देवनागरी शब्द शोधून मिळत नाही. मधल्या काळातल्या काही पीडीएफ जुन्या हिंदी फाँटच्या. ओळखायची युक्ती: पानावरचा एक हिंदी शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर शोध सोडा आणि विषयसूचीवरून पानं उलटा. युनिकोड असलंच तर नाव हिंदी वळणानं टाका. कार्यवृत्तात सदस्याच्या नावापुढे कंसात ‘इन्दौर’ असतं, ‘इंदूर’ टाकून काही मिळणार नाही.

मागचं काही पाहायचं असेल तर ही लायब्ररी खरोखर श्रीमंत आहे. १८५४ पासूनच्या विधिमंडळांचे वृत्तांत त्यात आहेत. इंदूरचेच होमी दाजी १९६२ मध्ये लोकसभेत गेले. त्यांची भाषणं तिसऱ्या लोकसभेच्या खंडांत शोधता येतात. त्या खंडांत पृष्ठांना नव्हे, स्तंभांना क्रमांक आहेत, एका पानावर दोन. संदर्भ देताना स्तंभक्रमांक द्यायचा असतो. पीडीएफचा पानक्रमांक दिला तर पुढच्याला ते भाषण सापडत नाही.

निवडणुकीचे आकडे आयोगाच्या अहवालातूनच घ्यावेत. ताईंच्या बाबतीत ‘प्रत्येक वेळी प्रचंड बहुमत’ हे वाक्य इतकं रुळलंय की कुणी तपासतच नाही. २००९ मध्ये काँग्रेसच्या सत्यनारायण पटेलांविरुद्धचं मताधिक्य होतं ११,४८०. त्याच पटेलांविरुद्ध २०१४ मध्ये ४,६६,९०१. मधल्या पाच वर्षांत काय घडलं हे ज्याला लिहायचं नसेल त्यानं निदान दोन्ही आकडे तरी शेजारी छापावेत. २०१९ मध्ये ताई उभ्या राहिल्या नाहीत. पुढच्या काळाशी तुलना करताना आणखी जपून: २०२४ मध्ये ताईंच्या जागी आलेल्या शंकर लालवानींचं ११,७५,०९२ चं मताधिक्य काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतल्यानंतरचं आहे, आणि दुसऱ्या क्रमांकाची २,१८,६७४ मतं ‘नोटा’ला आहेत. हे न सांगता दोघांचे आकडे एका तक्त्यात बसवणं म्हणजे वाचकाची फसवणूक.

मायनेताबद्दल थोडक्यात. संपत्ती आणि गुन्ह्यांची शपथपत्रं सक्तीची झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालानंतर, त्यामुळे ताईंची २००४, २००९ आणि २०१४ ही तीनच मिळतील. आधीच्या पाच निवडणुकांची अपेक्षाच ठेवू नये. तक्ते स्कॅन प्रतीवरून टाइप केलेले असतात. छापण्यापूर्वी मूळ शपथपत्राशी ताडून पाहायचं.

शेवटचं, आणि गल्लीतल्या वाचकाला सर्वात जवळचं: सांसद निधी, म्हणजे मतदारसंघातल्या कामांसाठीचा खासदार निधी. योजना डिसेंबर १९९३ ची. पहिल्या वर्षी ५ लाख, १९९४-९५ पासून वर्षाला १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी, २०११-१२ पासून ५ कोटी. खासदार फक्त काम सुचवतो; मंजुरी, यंत्रणा, बिलं सगळं जिल्हा प्रशासनाकडे. म्हणून कोनशिलेवरच्या नावावरून काम कधी झालं ते ठरत नाही, मंजुरीच्या आणि पूर्णत्वाच्या तारखा वेगळ्या मागाव्या लागतात. एप्रिल २०२३ पासून नवीन व्यवहार ई-साक्षी पोर्टलवर आले आहेत. ताईंच्या काळातल्या कामांसाठी कलेक्टर ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज हाच खात्रीचा रस्ता. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात ‘सर्व कामांची माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलं तर येऊन फायली पाहा, असं उत्तर येतं. वर्ष, वॉर्ड, कामाचं नाव, शिफारशीची तारीख, मंजूर रक्कम, काम करणारी यंत्रणा आणि उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत असे वेगळे मुद्दे घालावेत. आणि काम महूतलं असेल तर आधी नकाशा पाहावा: जिल्हा इंदूर असला तरी महू विधानसभा धार लोकसभेत आहे, तेव्हा तिथली शिफारस बहुधा धारच्या खासदाराच्या नोंदीत निघेल.